आफ्रिकी वंशाच्या लोकांचे केस इतके राठ का असतात आणि त्यांची निगा कशी राखावी?

असे केस राठ का असतात, लोक ते रोज का धुवत नाहीत आणि अशा केसांच्या मुलीसाठी कोणता शाम्पू आणावा, असे आपण विचारले आहे. माझे यजमान न्यूअर्कचे कृष्णवर्णीय अमेरिकन आहेत आणि आमच्या लेकीचे केस थेट त्यांच्या वळणावर गेले आहेत, म्हणून लिहिते.

हे केस दिसायला दणकट, पण प्रत्यक्षात कोरडे आणि नाजूक असतात. ज्या मुळातून केस उगवतो ते त्वचेखालीच वाकलेले असते, केसाचा आडवा छेद चपटा लंबगोल असतो आणि त्यामुळे केस स्प्रिंगसारखा गुंडाळत वाढतो. टाळूला सुटणारे तेल सरळ केसावरून टोकापर्यंत सहज उतरते, येथे मात्र ते वळणावळणावर अडते; शिवाय प्रत्येक वळण ही तुटण्याची जागा असते. रोज शाम्पू लावल्यास होते नव्हते ते तेलही जाते, म्हणून आठवड्याने किंवा त्याहून थोड्या उशिराने धुणेच योग्य. ओढला तर खांद्यापर्यंत पोहोचणारा केस वाळल्यावर कानापाशी येऊन बसतो, आणि पाहणाऱ्यांना वाटते की केस वाढतच नाहीत.

माझ्या साताऱ्याच्या आत्याला हे कधीच पटले नाही. एका मे महिन्यात तिने मला न विचारता लेकीला पाटावर बसवले, डोक्यावर खोबरेल थापले आणि कोरड्या केसांत सरळ फणी घातली. फणीचे दात मोडले, पोरीने घर डोक्यावर घेतले आणि आत्याने निदान केले की जावळ वेळेवर काढले नाही त्याचे हे फळ. आताही दोनदा गोटा केला तर केस सरळ येतील. वस्तरा त्वचेच्या वरचा केस कापतो, वळण त्वचेच्या आत ठरते, हे मी सांगितले, तेव्हा तिने माझ्या चुलतभावाचा दाखला दिला: त्याचे जावळ काढल्यावर केस सरळच आले ना? बाळाचे पहिले केस गळून पुढे वेगळे केस येतात, मग कोणी वस्तरा लावो अथवा न लावो. जावळ हा विधी म्हणून मला मान्य आहे, केशोपचार म्हणून अजिबात नाही.

खोबरेलाबाबत मात्र आत्याचे निम्मे बरोबर होते. ते केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, असे मुंबईतल्या संशोधकांनी 2003 साली दाखवले आहे. परंतु तेल केसाला पाणी देत नाही; आधी पाणी, मग तेल. माझ्या सासूबाई रविवारी नातीच्या केसांचे चार भाग करतात, ते ओले करून भरपूर कंडिशनर लावतात, आधी बोटांनी आणि मग रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून मुळाकडे गुंता सोडवतात, सैल वेण्या घालतात आणि झोपताना सॅटिनची टोपी घालतात, कारण सुती उशीचा अभ्रा ओलावा शोषतो आणि केस घासतो. याच सासूबाई तरुणपणी नोकरीसाठी सोडियम हायड्रॉक्साइडचे क्रीम लावून केस सरळ करीत आणि टाळू भाजून घेत. डिसेंबर 2018 मध्ये न्यू जर्सीत एका शालेय कुस्तीपटूला पंचाने केसांच्या जटा कापल्याखेरीज लढू दिले नाही. बरोबर वर्षाने, डिसेंबर 2019 मध्ये, केसांच्या ठेवणीवरून शाळेत आणि नोकरीत भेदभाव करण्यास तेथे कायद्याने बंदी आली. कॅलिफोर्नियाने तसा कायदा त्याच वर्षी जुलैत केला होता. तेव्हा ‘जरा सरळ करून घ्या, नीटनेटके दिसेल’ असे कोणी घरात म्हणाले, तर त्यामागे काय काय आहे ते त्यांना ऐकवावे.

शाम्पू सल्फेट नसलेला कोणताही सौम्य चालेल. पैसे कंडिशनरवर खर्च करावेत. आफ्रिकी वंशाच्या सगळ्यांचेच केस असे नसतात, आणि एकाच डोक्यावर दोन-तीन प्रकारची वळणेही असतात, त्यामुळे आमच्याकडचे आठवड्याचे वेळापत्रक जसेच्या तसे उचलू नये. वेण्या घट्ट घालू नयेत. कानशिलापाशी केस विरळ होऊ लागले, तर वेण्या ताबडतोब सोडून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे, कारण ओढीने सतत दुखावलेल्या मुळांतून पुढे केस येणे कायमचे थांबू शकते.