मॅट्रिमोनी साइटवरून लग्न जमवावं का? पैसे भरावे का आणि समोरचा माणूस खरा आहे हे कसं ओळखायचं?

जमवावं की, त्यात काही वावगं नाही. माझ्या धाकट्या बहिणीचं अशाच साइटवरून जमलंय आणि तिच्या प्रोफाइलचं सगळं काम आम्ही दोघींनी मिळून केलं, त्यामुळे हे प्रकरण आतून बघितलंय म्हणून लिहितेय. तुम्ही म्हणताय घरचे मागे लागलेत पण फसवणुकीची भीती वाटते. भीती वाटणं बरोबरच आहे. पण मी बघितलंय की लोक फिल्टर लावताना भयंकर काटेकोर असतात आणि एकदा माणूस आवडला की चौकशी करताना एकदम सैल सोडतात. हे उलटं करा, माझं सांगणं एवढंच आहे.

आधी फिल्टर. उंची ५ फूट ८ इंचापासून पुढे असं टाकलं की ५ फूट ७ इंचाचा मुलगा तुम्हाला दिसतच नाही, मग तो कितीही चांगला असू दे. उत्पन्नाचंही तसंच, १० लाखांपासून पुढे टाकलं की साडेनऊवाला गेला. त्यात पोटजात, मंगळ, शहर, डिग्री हे सगळं लावत गेलं की हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढी स्थळं उरतात आणि मग लोक म्हणतात साइटवर चांगली स्थळंच नाहीत. पूर्वी शादी डॉट कॉमवर त्वचेच्या रंगाचंसुद्धा फिल्टर होतं, ते २०२० मध्ये लोकांनी ऑनलाइन विरोध केल्यावर काढलं, मला विचाराल तर फार उशिरा काढलं. ज्या दोनतीन गोष्टींशिवाय तुमचं खरंच चालणार नाही तेवढ्याच ठेवा, बाकीचं बोलून ठरवता येतं.

प्रोफाइल स्वतः लिहा. आईवडिलांनी बनवलं असेल तरी लॉगिन तुमच्याकडे हवं, नाहीतर तुमच्या नावाने कोणाला इंटरेस्ट (म्हणजे स्थळ आवडल्याचा निरोप) गेला आणि कोणाला नकार गेला हे तुम्हालाच माहीत नसतं. 'साधी, मनमिळाऊ, कुटुंबवत्सल' हे इतक्या प्रोफाइलमध्ये असतं की वाचणारा पुढे सरकतो. बहिणीने सरळ लिहिलं होतं की नोकरी शिफ्टची आहे आणि लग्नानंतरही चालू राहील, आईबाबांची पुढे जबाबदारी माझ्यावर आहे, स्वयंपाक दोघांनी मिळून करायचा. रिस्पॉन्स कमी झाला हे खरं, पण जे आले ते वाचून आले होते, पहिल्याच फोनवर जो मुलगा शिफ्टबद्दल नीट विचारत होता, कॅब असते का, सुट्टी कोणत्या दिवशी असते, त्याच्याशीच पुढे बोलणं वाढलं आणि आता तो आमचा जावई आहे.

पैशाचं म्हणाल तर सुरुवातीला भरू नका. बहुतेक साइटवर फुकटात प्रोफाइल बनतं, स्थळं बघता येतात, इंटरेस्ट पाठवता येतो, पैसे लागतात ते मुख्यतः फोन नंबर बघायला आणि मेसेज करायला. आधी बघा की तुमच्या अपेक्षेतली माणसं तिथे आहेत का आणि त्यातली किती अलीकडे ऑनलाइन आलेली आहेत, मग सगळ्यात कमी मुदतीचं पॅकेज घ्या. ऑफर आजच संपतेय असे फोन येत राहतात, त्यांच्या घाईत आपण पडायचं नाही.

आता चौकशी, इथे मात्र अजिबात लाजू नका. व्हेरिफाइड असा बॅज दिसला तरी बऱ्याचदा त्याचा अर्थ मोबाइल नंबर किंवा एखादं ओळखपत्र तपासलंय एवढाच असतो, नोकरी, पगार, आधीचं लग्न यातलं काहीच त्यात येईल असं नाही. २०१६ मध्ये केंद्र सरकारने या साइटसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात युजरची ओळख तपासा असं सांगितलंय, पण स्थळाची चौकशी करायला सरकार येणार नाही, ती आपणच करायची. ऑफिसच्या ईमेलवरून एक मेल पाठवायला सांगा, फोटो गूगल लेन्सवर, म्हणजे गूगलच्या फोटो शोधण्याच्या सोयीत, टाकून तो दुसऱ्या कोणाचा नाही ना ते बघा, व्हिडिओ कॉल लवकर करा, घटस्फोटित असेल तर कोर्टाच्या हुकूमनाम्याची प्रत मागा. खरा माणूस याने दुखावत नाही, उलट तोही तुम्हाला विचारतो. आणि घरी जाऊन या, शेजारीपाजारी दोन शब्द बोला, आपल्याकडची जुनी पद्धत आहे ती उगाच नव्हती.

आधीचं लग्न किंवा असंच काही महत्त्वाचं लपवलं तर कायदा आहे. हिंदू विवाह कायदा १९५५ च्या कलम १२ खाली फसवणुकीच्या कारणावरून लग्न रद्द करून मागता येतं, मात्र फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो आणि कळल्यावरही राजीखुशीने एकत्र राहिलात तर तो हक्क जातो. हे फार कमी जणांना माहीत असतं. पण कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा आधी दहा प्रश्न विचारलेले बरे.

पैसे उकळणाऱ्यांची पद्धत ठरलेली असते. परदेशातला डॉक्टर किंवा इंजिनिअर, खूप गोड बोलणं, पहिल्या काही दिवसांतच लग्नाची भाषा, व्हिडिओ कॉलला मात्र कायम काहीतरी अडचण. मग गिफ्ट पाठवलंय म्हणतो आणि कस्टममधून बोलतोय म्हणून दुसऱ्याच कोणाचा फोन येतो की ड्युटी भरा. कस्टमवाले कोणाच्या खासगी खात्यात पैसे मागत नाहीत. हल्ली तर आपल्या दोघांच्या भविष्यासाठी म्हणून क्रिप्टोमध्ये पैसे टाकायला लावतात. प्रत्यक्ष न भेटलेल्या माणसाला एक रुपयाही द्यायचा नाही, आणि दिलेच असतील तर रडत बसू नका, ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन नंबरवर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाका, जितक्या लवकर कराल तितकी खात्यात पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, शिकलेसवरलेले लोकही फसतात.

अजून एक. लग्न ठरलं की प्रोफाइल नुसतं लपवू नका, डिलीट करा, फोटोही काढून टाका. नाहीतर लग्न झाल्यावरही घरच्यांच्या नंबरवर स्थळांचे फोन येत राहतात.