‘जॉब सक्सेस’ म्हणजे काम झालं का?

क्वेरी (डेटाबेसला केलेली विचारणा) आणि क्रॉन (ठरल्या वेळी कामं, म्हणजे जॉब, आपोआप चालवणारी सोय) यांबद्दल तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येत आहेत. त्यातले नेहमीचे आज एकत्र घेतो.

प्रश्न: रात्री दोनला लावलेला जॉब सकाळी साडेसातला चालतो. सर्व्हर बिघडलाय का?

नाही. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) आहे, आपण साडेपाच तास पुढे आहोत. वेळ २०:३० लावा. महिन्याच्या १ तारखेचा जॉब असेल तर नुसता तास बदलू नका, तिकडे तेव्हा आदली तारीख असते.

प्रश्न: स्क्रिप्ट हाताने चालवली की चालते, क्रॉनमधून चालत नाही.

तुमच्या लॉगिनचा पाथ (कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायच्या ती यादी) क्रॉनला मिळत नाही. प्रत्येक कमांडचा पूर्ण पत्ता (फोल्डरसकट) लिहा आणि येणाऱ्या एरर एका लॉग फाइलमध्ये वळवा. क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या वेळापत्रकाच्या) ओळीत टक्क्याचं चिन्ह असेल तर त्याआधी बॅकस्लॅश हवा.

प्रश्न: मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये मोबाइल नंबरवर इंडेक्स (झटपट शोधायची सूची) आहे, तरी शोधायला मिनिट लागतं. होस्टिंगवाले मोठा सर्व्हर घ्या म्हणतात.

कॉलम व्हारचार (मजकुराचा) आहे आणि क्वेरीत नंबर अवतरणचिन्हांशिवाय लिहिलाय, असं बहुधा असणार. मग मायएसक्यूएल प्रत्येक ओळीतला मजकूर आकड्यात बदलून तपासत बसतं आणि इंडेक्स वापरलाच जात नाही. दोन अवतरणचिन्हांनी सुटणाऱ्या अडचणीसाठी गिऱ्हाइकाला दरमहा जादा भाडं भरायला लावणं चूक आहे. आधी एक्सप्लेन (क्वेरी कशी चालणार ते दाखवणारी कमांड) चालवा. त्यात टाइपखाली ‘ऑल’ दिसलं तर अख्खं टेबल वाचलं जातंय. निकाल समजला नाही तर जाणकाराला दाखवा, पैसे त्यानंतर.

प्रश्न: ‘नॉट इन’ची (यादीत नसलेल्या ओळी शोधणारी) क्वेरी एकही ओळ देत नाही.

आतल्या यादीत नल (न भरलेली किंमत) आहे का बघा. ‘नॉट इन’ऐवजी ‘नॉट एक्झिस्ट्स’ वापरा.

प्रश्न: एसक्यूएल सर्व्हरवर रिपोर्ट अडकतो. सीनियर म्हणतात, सगळीकडे नोलॉक (दुसऱ्याच्या लॉकसाठी न थांबता वाचायची सूचना) टाक.

टाकू नका. हा सल्ला वर्षानुवर्षं तोंडोतोंडी फिरतोय. नोलॉक कमिट न झालेल्या (अजून पक्क्या न केलेल्या) ओळीही वाचतं, एखादी ओळ सुटू शकते, एखादी दोनदा मोजली जाऊ शकते. पतसंस्थेच्या ठेवींची बेरीज अशी करायची का? कोणतं सेशन (डेटाबेसशी जोडणी) कोणाला अडवतंय ते आधी शोधा. रीड कमिटेड स्नॅपशॉटचा (शेवटची कमिट झालेली प्रत वाचायचा) मार्ग आहे, पण त्याचा भार टेम्पडीबीवर (सर्व्हरच्या तात्पुरत्या कामाच्या डेटाबेसवर) येतो, म्हणून डीबीएला (डेटाबेस सांभाळणाऱ्याला) विचारूनच.

प्रश्न: बॅकअपचा जॉब रोज सक्सेस दाखवतो. तरी रिस्टोर करून (त्यातून डेटा परत उभा करून) बघायलाच हवं का?

हवंच. डंप (डेटाबेसची प्रत काढणारी कमांड) थेट जीझिपमध्ये (फाइल आवळणाऱ्या कमांडमध्ये) पाइप केला, म्हणजे एकाचं आउटपुट दुसऱ्याला जोडलं, की जॉबला कळतं ते जीझिपचं यश, डंपचं नाही. कोणी पासवर्ड बदलला, डंप पहिल्याच क्षणी पडला, तरी जीझिप २० बाइटची रिकामी फाइल बनवतं आणि जॉब हिरवाच दिसतो. एका संस्थेत मी अशा फाइलींची रांग पाहिली आहे. नावं बरोबर, तारखा बरोबर, आत काहीच नाही. रोज नवी फाइल येते एवढ्यावर तिथली माणसं निर्धास्त होती.

हे मोठ्यांनाही चुकलेलं नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅबच्या (प्रोग्रामरांचा कोड ठेवणाऱ्या साइटच्या) चालू डेटाबेसची डिरेक्टरी चुकून पुसली गेली. बॅकअप शोधला तर नव्हताच. डेटाबेस पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीचा आणि त्याचा बॅकअप काढणारं पीजी-डंप ९.२ चं, त्यामुळे बॅकअपचा जॉब पडत होता. पडल्याच्या ईमेल निघत होत्या, पण त्या नाकारल्या जात होत्या, म्हणून कोणालाच कळलं नाही. त्याच्या सहा तास आधी एका इंजिनिअरने दुसऱ्याच कामासाठी स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) घेतला होता, त्यावर सगळं उभं राहिलं. मधल्या सहा तासांचा डेटा गेला.

तेव्हा स्क्रिप्ट बॅशमध्ये (लिनक्सच्या कमांड चालवणाऱ्या शेलमध्ये) असेल तर तीत पाइपफेल (पाइपमधली कोणतीही कमांड पडली तर अपयश दाखवणारी सेटिंग) लावा, फाइलचा आकार कालच्याशी ताडून बघा, आणि महिन्यातून एकदा दुसऱ्या मशीनवर रिस्टोर करून ओळी मोजा. चालू सर्व्हरवर हा प्रयोग करू नका. पहिल्या वेळी अनुभवी माणूस शेजारी बसवा.

प्रश्न: परवा चुकून ‘व्हेअर’शिवाय (कोणत्या ओळी ही अट न घालता) अपडेट चालवला. काय करू?

परवा! कमिट केलं नसेल तर आत्ता रोलबॅक (बदल मागे घेणं). केलं असेल तर त्या टेबलावरचं लिखाण थांबवा. अपडेटच्या आधीचा बॅकअप आणि त्यानंतरचे लॉग (डेटाबेसमधल्या बदलांच्या नोंदी) वेगळ्या जागी कॉपी करा, कारण जुने लॉग आपोआप पुसले जातात. आणि उत्तराची वाट न बघता डीबीएला फोन लावा.