एक कोड, दोन फोन आणि बाबांची वही

प्रश्न: नमस्कार सर, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा चादरी-टॉवेलचा छोटा कारखाना आहे, बाबा अजून ऑर्डर वहीतच लिहितात. मी बीसीए केलंय, जावास्क्रिप्ट बऱ्यापैकी येते. व्यापाऱ्यांनी मोबाईलवरनं ऑर्डर टाकावी असं अ‍ॅप करायचंय. बहुतेकांकडं अँड्रॉइड आहे पण मुंबईचे दोन-तीन जण आयफोनवाले. दोन वेगळी अ‍ॅप करू का? माझ्याकडं विंडोजचा लॅपटॉप आहे.

उत्तर: दोन वेगळी अजिबात करू नको रे. एकदा अँड्रॉइडसाठी कोटलिन भाषेत आणि तेच परत आयफोनसाठी स्विफ्टमध्ये लिहायचं, मग चादरीची एक साईज वाढली तरी दोन ठिकाणी दुरुस्ती, एकट्याला नाही झेपत ते. एकाच कोडमधनं दोन्ही फोनची अ‍ॅप करायला गूगलचं फ्लटर चांगलंच आहे, स्क्रीनवरचं सगळं ते स्वतः रंगवतं म्हणून दोन्हीकडं सारखं दिसतं, पण त्याला डार्ट ही नवी भाषा शिकावी लागते. तुला जावास्क्रिप्ट येते ना, मग तेच काम जावास्क्रिप्टमध्ये करणारं रिअ‍ॅक्ट नेटिव्ह घे, फेसबुकनं २०१५ मध्ये सगळ्यांना वापरायला खुलं केलेलं, सोबत एक्सपो वापर, त्यावर अ‍ॅप बनवणं सोपं करणारी साधनं आहेत ती.

आयफोनचं अ‍ॅप बिल्ड करायला, म्हणजे कोडमधनं फोनवर चढणारं अ‍ॅप तयार करायला, अ‍ॅपलचं एक्सकोड सॉफ्टवेअर लागतं आणि ते फक्त मॅकवर चालतं. एक्सपोच्या क्लाउडवर, म्हणजे त्यांच्या सर्व्हरवर, विंडोजवरनंही बिल्ड होतं, पण अ‍ॅपलची फी वर्षाला ९९ डॉलर, गूगल प्लेची एकदाच २५. म्हणून आधी अँड्रॉइडच काढ, मुंबईवाल्यांना तोवर ब्राउझरमध्ये चालव, बराचसा कोड तोच राहतो. आणि प्लेवर नवीन वैयक्तिक खातं असेल तर आधी १२ जणांनी सलग १४ दिवस टेस्टिंगमध्ये राहावं लागतं, तेव्हा ओळखीचे व्यापारी आत्ताच धरून ठेव.

खरं डोकं लाव ते नेट गेल्यावर काय होतं त्यावर. व्यापाऱ्यानं ५० चादरी टाकल्या, रेंज गेली, त्यानं परत बटण दाबलं आणि तुझ्याकडं १०० आल्या तर बाबा त्या अ‍ॅपला परत हात लावणार नाहीत! ऑर्डर आधी फोनमधल्याच एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये सेव्ह कर, तिथंच तिला वेगळा नंबर दे, रेंज आली की पाठव, आणि तोच नंबर दुसऱ्यांदा आला तर सर्व्हरनं नवी ऑर्डर धरायची नाही. हे दोन्ही फोनवर विमान मोड लावून स्वतः बघ, कोड एक असला तरी टेस्टिंग दोनदाच.

स्क्रीन काढायच्या आधी एक संध्याकाळ बाबांची वही घेऊन त्यांच्याशेजारी बस, ते ज्या क्रमानं लिहितात तोच क्रम ठेव.