नवऱ्याला जर्मनीत नोकरी लागली आहे, मी माझी नोकरी सोडून सोबत जावं का?

तुम्ही लिहिलंय की लग्नाला दीड वर्ष झालं, तुम्ही निपाणीजवळच्या शाळेत शिकवता, नवऱ्याला म्युनिककडची नोकरी आली आहे आणि घरात दोन तट पडलेत. परक्या देशात दोघंच राहिल्यावर नवरा-बायकोचं काय होतं, हेही विचारलंय. मी अगदी याच जागी उभी होते, म्हणून लिहायला बसले. जरा लांबेल.

माहेर माझं बेळगावातलं, शहापूरचं. सासर खानापूर तालुक्यात. लग्न डिसेंबर २०१४ चं, आणि २०१५ च्या ऑक्टोबरात आम्ही स्टुटगार्टजवळच्या एका लहान गावात तिसऱ्या मजल्यावर राहायला गेलो. नवरा इंजिनिअर, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत पाच वर्षं काढलेला. मी मराठी माध्यमाच्या हायस्कुलात विज्ञान शिकवत होते. राजीनामा देऊन गेले. २०२२ ला परत आलो.

आधी सरळ उत्तर देते. जा. खरं राजीनामा देऊन जाऊ नका. ('खरं' म्हणजे 'पण'. तुम्हाला सांगायला नको, बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी.) बिनपगारी रजा मिळते का ते लेखी अर्ज करून विचारा. मी तोंडीसुद्धा विचारलं नव्हतं. 'नवऱ्याबरोबर चालले' म्हटलं की सगळे इतके खूश झाले की मला वेगळा काही विचार करायचा असतो हे सुचलंच नाही. तिथं पोहोचून दोन महिने झाल्यावर सुचलं.

तो पहिला हिवाळा. डिसेंबरात सकाळी आठ वाजून गेले तरी अंधार आणि दुपारी साडेचारला परत दिवेलागण. नवरा सातला बाहेर पडायचा, सहाला यायचा. आपल्याकडं दिवसभरात दाराशी किती माणसं येतात ते मोजा कधीतरी: दूधवाला, भांडीवाली, फुलंवाली, वाटीभर साखर मागायला आलेली शेजारीण. तिथं बेल वाजायचीच नाही. एकदा वाजली. पार्सलवाला होता, खालच्या मजल्यावरचे घरी नव्हते म्हणून त्यांचा खोका आमच्याकडं ठेवायला आला होता. सही केली, आणि तो वळला तसं मी त्याला हाक मारून थांबवलं. सांगायचं काहीच नव्हतं. दुपारचे तीन वाजले होते आणि त्या दिवशी माझ्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता. तो क्षणभर थांबला, मी हसले, तोही हसला आणि जिना उतरून गेला. मग दार लावून मी रडले.

संध्याकाळी नवरा घरी यायचा तो दिवसभर परक्या भाषेत बोलून थकलेला. त्याला शांतता हवी असायची. मला बोलायचं असायचं, अगदी कांदे किती महाग आहेत इथपासून. आमची पहिल्या वर्षातली जवळजवळ सगळी भांडणं या एकाच गोष्टीची होती, वरचं कारण मिठाचं असो की मोज्यांचं. आणि खानापूरला असताना भांडण कसं मोडतं बघा: सासूबाई आतून 'चहा टाक गं' म्हणतात, कुणीतरी पाहुणा टपकतो, दोघांनाही तोंड नीट करून बाहेर यावं लागतं. तिथं कुणी टपकत नाही. त्यात रात्री दहानंतर इमारतीत शांतता पाळायची असते, त्यामुळं आम्ही कुजबुजत भांडायचो. कुजबुजत केलेलं भांडण लवकर संपत नाही, दोन-दोन दिवस चालतं.

पैशाचंही सांगते, कारण कुणी सांगत नाही. नवरा चांगला आहे, कधी हिशेब मागितला नाही. तरी सात हजारांचा का होईना, स्वतःचा पगार घेतलेली बाई मी. वीस युरो हवेत म्हणताना जीभ अडखळायची. पहिल्याच आठवड्यात तुमच्या नावाचं बँक खातं उघडा. पत्त्याची नोंदणी तिथं दोन आठवड्यांत करायची असते, तो कागद हातात आला की लगेच.

नवऱ्याला 'ब्लू कार्ड' (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा राहण्याचा परवाना) मिळणार असेल तर तुम्हाला जाण्याआधी जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही आणि तिथं काम करायची मुभा पहिल्या दिवसापासून असते. ही सवलत मलाही होती आणि तीच मला नडली. परीक्षा नाही म्हणून भाषेचा एक शब्द न शिकता विमानात बसले. तुम्ही तसं करू नका, बेळगाव-कोल्हापुरात नसला तर ऑनलाइन क्लास लावा. तिथं सरकारी भाषावर्ग असतो, सहाशे तासांचा, वर त्यांचा इतिहास-कायदा शिकवणारे शंभर तास. तो मी २०१६ मध्ये केला आणि त्या वर्गानं आमचं लग्न वाचवलं असं मला आजही वाटतं. सीरियाची एक शिक्षिका, पोलंडची एक नर्स, आणि मी. तिघींचं जर्मन सारखंच मोडकं, म्हणून कुणाला कुणाची लाज नाही. घरी गेल्यावर नवऱ्याला सांगायला माझ्याजवळ माझ्या गोष्टी असायच्या. तो ऐकायलाही लागला. परदेशात जोडपं जवळ येतं असं म्हणतात ते खरं आहे, आम्हीही आलो, पण बाहेर माझी चार माणसं झाल्यावर. त्याआधी सासर, माहेर, शाळा, गल्ली या सगळ्यांच्या वाटचं मी एकट्या नवऱ्याकडून मागत होते. एका माणसाला ते झेपत नाही.

तिथं शाळेत शिकवायचं तर दोन विषयांचं खास शिक्षण, वर सरकारी प्रशिक्षण आणि फार वरच्या पातळीचं जर्मन लागतं. माझं बी.एड. तिथं उपयोगाला आलं नाही, हे पचवायला मला वर्ष लागलं. मग गावच्या प्राथमिक शाळेत, तास सुरू व्हायच्या आधी आणि सुटल्यानंतर मुलांना सांभाळण्याचं काम मिळालं. २०१७ साल, महिन्याला साडेचारशे युरोच्या आतली नोकरी. मुलांचे बूट घालायचे, भांडणं सोडवायची. सात वर्षांची पोरं माझं व्याकरण सुधारायची आणि मी आनंदानं सुधारून घ्यायचे.

आणि त्या भागातली बोली! वर्गात शिकलेलं जर्मन घेऊन बेकरीत गेले तर काही कळेना. तिकडं श्वाबी बोलतात, प्रत्येक शब्दाला शेवटी 'ले' लावतात. त्या राज्यानं, बाडेन-व्युर्टेम्बर्गनं, तर १९९९ पासून आपली जाहिरातच अशी केली होती की आम्हाला सगळं येतं, फक्त प्रमाण जर्मन सोडून. मला फार बरं वाटलं ते वाचून. पुण्याच्या चुलत नणंदा माझं 'काय करायलीस' ऐकून हसायच्या, ते आठवलं. आपण सीमाभागातली माणसं भाषेच्या बाबतीत आधीच तयार असतो. घरात एक, कचेरीत दुसरी, पाटीवर तिसरी. तुम्हाला ते कौशल्य वाटत नसेल, तिथं गेल्यावर वाटेल.

आता एक गोष्ट, जी बाहेरच्यांना लवकर समजत नाही. २०१८ मध्ये मुलगी झाली. तिच्या जन्माच्या नोंदणीला गेलो, तर माझ्या पासपोर्टवर जन्मगाव 'बेलगाम' आणि लग्नाच्या दाखल्यावर 'बेळगावी'. बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, ही दोन शहरं एकमेकांपासून किती लांब आहेत? नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं आणि आमचं लग्न पुढच्याच महिन्यातलं. आम्ही समजावलं, तरी दाखला अडला आणि पुढं कितीतरी आठवडे भाषांतरं, पत्रं चालली. परत येताना ट्राममध्ये दोघंही गप्प. माझे आजोबा दर १ नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या फेरीत सायकल घेऊन जायचे. १९५६ साली बेळगाव कर्नाटकात (तेव्हाच्या म्हैसूर राज्यात) घालायचा झालेला तो निर्णय आणि ते नाव, माझ्या चार दिवसांच्या मुलीच्या कागदावर सात हजार किलोमीटरवर येऊन बसलं. (तुमचे कागद आत्ताच तपासा. तालुका, जिल्हा, गाव, सगळीकडं स्पेलिंग एक आहे का बघा.)

आणि त्याच बाळंतपणात मला सांभाळलं कुणी, तर हुबळीच्या बाईनं. ती भेटली लोकल ट्रेनमध्ये, मी पाच महिन्यांची गरोदर असताना. मागून आवाज आला, 'बेग बा, बेग बा', पोराला लवकर चल म्हणत होती. मी वळून बघितलं तसं तिनं विचारलं, 'यल्लिंद बंदीरी?', म्हणजे कुठून आलात? बेळगाव म्हटल्यावर तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू. माझं कन्नड दहावीच्या पेपरापुरतं आणि सरकारी खिडकीपुरतं. गावात असताना ती भाषा मी नाइलाजानं बोलले. स्टुटगार्टमध्ये ती ऐकायला मी दर बुधवारी अर्धा तास ट्रेननं जायचे. बाबांची बायपास झालेली, त्यामुळं आई येऊ शकली नाही. तर ही बाई डब्यातून जोंधळ्याची रोट्टी आणि भरल्या वांग्याची एण्णगायी घेऊन यायची आणि माझ्या डोक्याला तेल लावून द्यायची. सीमाप्रश्नाबद्दलचं माझं मत आजही आजोबांचंच आहे. ते तिलाही ठाऊक आहे. आम्ही त्यावर कधी भांडलो नाही, कधी लपवलंही नाही.

बाळंतपणाची तिथली सोय मात्र मनापासून आवडली. सुईण पहिले दहा दिवस रोज घरी येते, विम्यातून. नवऱ्यानं दोन महिने पालकत्वाची रजा घेतली. खानापूरहून फोन, 'काम गेलं की काय त्याचं?' ज्यानं घरी पाण्याचा तांब्या उचलला नव्हता तो माणूस बाळाचे लंगोट धुवायला, वरण-भात करायला शिकला, आणि इथं परत आल्यावरही विसरलेला नाही. ही कमाई माझ्या हिशेबात युरोंपेक्षा मोठी आहे.

त्याची सुरुवात झाडूनं झाली होती. तिकडं 'केरवोखं' असते. वोखं म्हणजे आठवडा, आणि केर म्हणजे झाडणं, चक्क आपल्या केरासारखं. इमारतीतल्या प्रत्येक घरानं पाळीपाळीनं एक आठवडा जिना झाडून पुसायचा. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकते, आठवडा संपला की झाडणाऱ्यानंच ती पुढच्या दाराला लावायची. खालच्या मजल्यावर अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी होत्या. कोपऱ्यात केस दिसला तरी वर येऊन बेल वाजवायच्या. नवऱ्याला त्यांनी दोनदा परत झाडायला लावलं होतं. आम्ही दोघं त्यांना घाबरून असायचो.

एप्रिल २०२० मध्ये बाबा गेले. २३ मार्चपासून भारतात येणारी विमानं बंद होती. नवऱ्याचं काम निम्म्यावर आलेलं, कापलेल्या पगाराचे सदुसष्ट टक्के सरकार देत होतं. ते काही नाही, पैसे असून काय करणार होते. चुलतभावानं फोन धरला आणि मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून बाबांना शेवटचं बघितलं. माणसं मोजून आठ. मध्येच नेटवर्क गेलं आणि परत आलं तोवर उचललं होतं. बाबा रोज रात्री साडेनऊला, म्हणजे तिथल्या संध्याकाळी फोन करून विचारायचे, 'जेवलीस काय?' मी सांगायचे, इथं अजून सहा वाजलेत बाबा. साडेचार वर्षं रोज हेच. त्या दिवशी सहा वाजता मी फोन हातात धरून बसले होते.

दहाव्या दिवशी नवऱ्यानं पहाटे उठून भात केला आणि बाल्कनीच्या कठड्यावर घास ठेवला. तिथले कावळे अंगानं मोठे, पूर्ण काळे. बराच वेळ एकही येईना. तो माझ्या शेजारी थंडीत उभा राहिला, काही न बोलता, तासभर. शेवटी एक आला, घास घेऊन गेला. मला वाटलं आता खालच्या आजी येणार, पाखरांना खायला घालायला तिथं मनाई होती. त्या आल्या नाहीत. पाटी त्या आठवड्यात आमच्या दारावर होती. दुपारी कचरा टाकायला दार उघडलं तर पाटी नाही. खाली त्यांच्या दाराला लटकत होती आणि तिन्ही मजल्यांचा जिना ओला, नुकता पुसलेला. त्या दाराच्या फटीतून मास्क लावून बघत होत्या. 'झोप, मेडले,' एवढंच म्हणाल्या. मेडले म्हणजे पोरी.

आई एकटी पडली म्हणून आम्ही परतलो. परत येणंही सोपं नव्हतं. मुलगी पहिलं वर्षभर रागावली की जर्मनमध्ये रागवायची आणि माझ्या आईला काही समजायचं नाही. आता ती कन्नडची कागुणितं (बाराखडी) गिरवते आणि माझ्यापेक्षा चांगली म्हणते. माझी जुनी जागा गेली. खाजगी शाळेत परत पहिल्या पायरीपासून लागले, म्हणून रजेचं इतकं बजावून सांगतेय.

तर तिकिटं काढायच्या आधी शाळेत अर्ज टाका. नवऱ्याला आत्ताच सांगून ठेवा की पहिले सहा महिने संध्याकाळचा पाऊण तास तुमचा, मोबाइल बाजूला. जमलं तर उन्हाळ्यात पोहोचा, एप्रिल-मेमध्ये, म्हणजे पहिला अंधार येईपर्यंत रस्ते आणि माणसं ओळखीची होतील. आणि सामानात संकेश्वरी मिरची दोन किलो तरी न्या. मला ती सात वर्षांत तिथं कुठंच मिळाली नाही.