सासूबाई (७६, शुगर-बीपी) ॲडमिट झाल्यापासून काहीबाही बरळतायत, हा डिमेन्शिया सुरू झालाय का?

परवापर्यंत दूधवाल्याचा हिशोब तोंडपाठ असणारी बाई तीन दिवसांत डिमेन्शियाची पेशंट होत नाही. ह्याला डिलिरियम म्हणतात, आजारपणात अचानक होणारा, कमीजास्त होत राहणारा डोक्याचा गोंधळ. वॉर्डात कोणी हा शब्द काढत नसेल तर तुम्ही काढा.

आमच्या अण्णांचं सांगते. वय ७९, वीस वर्षांची शुगर, बीपीसाठी पाण्याची (लघवी वाढवणारी) गोळी चालू, न्यूमोनिया झाला म्हणून ॲडमिट केलेलं. दुसऱ्या रात्री सलाईनची सुई उपटली आणि मला म्हणतात, ओ कंडक्टर, पलूस आलं की उठवा. रात्रभर ते एसटीतच होते, चादर चाचपून सुट्टे पैसे शोधत होते. सकाळी एकदम नॉर्मल, चहात साखर घालू नका म्हणून मावशींना दम दिला, आणि दिवेलागणीला परत एसटी सुरू. दादा म्हणाला म्हातारचळ लागलाय, वय झालं आता. आणि ह्याच शहाण्याने पहिल्या दिवशी चष्मा आणि कानाचं मशीन 'इथं हरवेल' म्हणून घरी कपाटात नेऊन ठेवलेलं! दिसत नाही, ऐकू येत नाही, डोक्यावर रात्रभर ट्यूब, कानाशी मॉनिटरचं टीं टीं, तुम्हालामलापण एसटी दिसेल. वर झोपेची गोळी द्या म्हणून सिस्टरच्या मागे लागला, दिली, आणि ती रात्र सगळ्यात वाईट गेली.

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, रक्तातलं सोडियम १२१, एवढं उतरलं की माणूस बरळतो. नॉर्मल १३५ ते १४५ असतं, पाण्याच्या गोळीने उतरतं, न्यूमोनियानेही उतरतं. शिवाय चार दिवस पोट साफ नव्हतं, तेही कोणी विचारलं नव्हतं. सोडियम हळूहळूच वाढवतात, घाईने मेंदूला इजा होते, त्यामुळे 'अजून का वाढत नाही' म्हणून डॉक्टरांशी भांडू नका. मी भांडलेय.

मी चष्मा-मशीन आणलं, दिवसा खिडकीपाशी बसवायला लागले, हाताला धरून संडासापर्यंत चालवलं. माझ्या मनाचं नाही हे. अमेरिकेत शॅरन इनोये ह्या डॉक्टरबाईंनी सत्तरीपुढच्या ८५२ पेशंटमध्ये हेच करून १९९९ मध्ये छापलंय, चष्मा, मशीन, पाणी पाजणं, चालवणं, रात्री झोपू देणं, आणि गप्पा मारत आज वार कोणता, आपण कुठे आहोत ह्याची आठवण देत राहणं. नेहमीच्या वॉर्डांत १५ टक्के लोकांना डिलिरियम झाला, ह्यांच्याकडे ९.९. दादाला व्हॉट्सॲपवर पाठवलं, निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

बाकी सासूबाई बडबडायच्या थांबून नुसत्या पडून राहायला लागल्या तर 'शांत झाल्या' समजू नका, तोही डिलिरियमच असू शकतो आणि तोच सुटतो नजरेतून. तोंड वाकडं झालं, एक हात लुळा वाटला तर मात्र हे सगळं सोडा, ताबडतोब डॉक्टरांना बोलवा. शुगरच्या पेशंट आहेत तर शुगर खाली गेली नाही ना तेही बघायला सांगा.

परत पहिल्यासारख्या होतील का? अण्णा दोनेक महिन्यांत बरेचसे आले. सगळेच येत नाहीत, आधीपासून थोडं विसरणं असेल तर डिलिरियमनंतर ते वाढूही शकतं, म्हणून घरी काही लक्षात आलं होतं का ते डॉक्टरांना खरं सांगा. अण्णा त्याआधीच्या दिवाळीपासून एकच बातमी दोनदोनदा वाचून दाखवायचे. ते दादाच सांगत होता, आणि मी त्याला वेड्यात काढलं होतं.