ठेकेदाराच्या कागदावर सही करण्याआधी

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद. लोटे एमआयडीसीत रिअ‍ॅक्टरचं झाकण उघडताना वाफ तोंडावर आली, तेव्हापासून घरची पाखाडी चढतानाही तुला धाप लागते, असं आई फोनवर म्हणाली. आणि ठेकेदार म्हणतो, गणपतीला लवकर घरी जा, हे थोडे पैसे ठेव, इथे सही कर.

ती सही करू नकोस. उपचारासाठी म्हणून पैसे देत असेल तर घे, पावतीवर तसंच लिही. पण ‘माझी आता काही मागणी नाही’ या ओळीखाली तुझं नाव नको. सही आधीच झाली असली तरी हातपाय गाळू नकोस. भरपाईचा हक्क असा खाजगी कागदावर सोडून देता येत नाही. कायदा तो करार मानतच नाही.

पुढे सगळं अडतं ते एका प्रश्नावर: हा त्रास कामामुळेच झाला कशावरून? हात तुटला तर दिसतो, फुप्फुसाचं तसं नाही. समोरचा वकील म्हणेल, दमा आधीपासूनच असेल. म्हणून पहिल्या केसपेपरवर काय लिहिलंय ते आजच वाच. नुसतं ‘खोकला, दम लागणे’ असेल तर पुन्हा जा आणि डॉक्टरांकडून घटनेची तारीख, कामाची जागा, रसायनाचं नाव नोंदवून घे. नाव ठाऊक नसेल तर शिफ्टमधल्या दोस्ताला ड्रमवरचं लेबल वहीत उतरवून आणायला सांग. धोक्याची माहिती कामगाराला देणं आणि त्याच्या आरोग्य तपासणीच्या नोंदी त्याला पाहू देणं हे मालकाचं कर्तव्य आहे. भोपाळनंतर, १९८७ मध्ये, कारखाने कायद्यात ते आलं. त्या रसायनाचा एमएसडीएस, म्हणजे त्याच्या धोक्यांचं माहितीपत्रक, आणि तुझ्या नोंदी लेखी माग, पोच घे. मास्क कोणता दिला होता, साधा कापडी की कार्ट्रिजचा, तेही लिहून ठेव. मास्क तूच मुद्दाम काढलास असं म्हणायला ते कमी करणार नाहीत.

ठेकेदार हात वर करील, कंपनी म्हणेल हा आमचा माणूसच नाही. असं चालत नाही. ठेकेदारामार्फत लागलेल्या कामगाराची भरपाई मुख्य मालकाकडे, म्हणजे कंपनीकडे, मागता येते. नंतर ठेकेदाराकडून वसूल करायची तर ते त्यांचं ते बघतील. त्यासाठी गेटपास, पगाराची स्लिप, पीएफचा नंबर जपून ठेव.

पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विम्याची वर्गणी, कापत होते का, ते त्या स्लिपवर बघ. कापत असतील तर तुझी वाट ईएसआयसीची: उपचार, आजारपणातली रक्कम, कायमचं अपंगत्व राहिलं तर त्याचा लाभ. मग त्याच इजेसाठी मालकावर वेगळा भरपाईचा दावा चालत नाही. कापत नसतील तर कर्मचारी भरपाईचा दावा. १९२३ च्या कायद्यातली ही तरतूद २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. इजा कामामुळे आणि काम करताना झाली, हे दाखवावं लागतं. बेंझिन, क्रोमियम, पारा यांचे विकार तर परिशिष्टातच व्यावसायिक आजार म्हणून दिलेत. मुदत दोन वर्षांची. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण त्या भरवशावर राहू नकोस.

वकिलाच्या फीची आईने धास्ती घेतलीय. तिला सांग, औद्योगिक कामगाराला १९८७ च्या विधी सेवा कायद्याने वकील मोफत मिळतो. खेडच्या कोर्टात चौकशी कर किंवा १५१०० ला फोन लाव.

शेजारच्या वाडीत कुणाला त्या वाफेचा त्रास झाला असेल, तर त्यांची वाट वेगळी. कामगार नसलेल्यांना पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात पाच वर्षांच्या आत भरपाई मागता येते.

केसपेपरचा फोटो मला आज पाठव. मूळ कागद कुणाच्या हाती देऊ नकोस, ठेकेदाराच्या तर नाहीच.

तुझा,
काका