ठाण्यात चर्चच्या सणाला हाउजी (तिकीट घेऊन खेळायचा आकड्यांचा खेळ, तंबोला) चालते, मग ख्रिस्ती धर्मात जुगार पाप आहे की नाही?

हे पंथावर अवलंबून आहे. ठाण्यातले ईस्ट इंडियन (मुंबई-ठाणे-वसई भागातले मूळचे ख्रिस्ती) बहुतांशी कॅथलिक. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथातल्या (कॅटेकिझम) परिच्छेद २४१३ नुसार नशिबाचे खेळ किंवा पैजा मुळातच अन्यायकारक नाहीत. पण त्यापायी स्वतःच्या किंवा इतरांच्या गरजेचा पैसा गेला, तर ते नैतिकदृष्ट्या अमान्य. खेळाचं वेड माणसाला गुलाम करू शकतं, असंही तिथे बजावलंय. लबाडी तर निषिद्धच. म्हणून सणाच्या मांडवात थोड्या पैशांचं तिकीट घेऊन हाउजी खेळणं चालतं, पण घरभाड्याचे पैसे मोबाइलवरच्या रमीत घालणं चालत नाही.

अनेक मेथडिस्ट चर्च आणि मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) हे प्रोटेस्टंट पंथ मात्र जुगाराला विरोध करतात. कारण इथे एकाची कमाई दुसऱ्याच्या नुकसानीतूनच होते, आणि ते शेजारप्रेमाच्या विरुद्ध आहे.

बायबलमध्ये ‘जुगार खेळू नका’ अशी थेट आज्ञा नाही. क्रुसाखाली शिपायांनी येशूच्या कपड्यांसाठी चिठ्ठ्या टाकल्या, हा प्रसंग आहे. द्रव्यलोभाविरुद्ध इशारा १ तीमथ्य ६:१० मध्ये मिळतो.

मला विरोधकांचा मुद्दा जास्त पटतो. हरणारा बहुतेकदा ज्याला परवडत नाही तोच असतो, आणि झळ त्याच्या बायकामुलांना बसते. तुमच्या घरात कुणी यात अडकलं असेल, तर आधी तुमच्या चर्चच्या फादरांशी मोकळेपणाने बोला.